यांना लगेच आराम पडला

६ जानेवारी २०२५, सोमवार

नोव्हेंबरातल्या त्या दिवशी पाणी सव्वासहाला आलं होतं. आधी पिण्याचं भरलं, दोन कळश्या आणि फिल्टरचं भांडं. मग दूध तापत ठेवलं. मेथी आदल्या दिवशी निवडून ठेवलेली होती, ती चिरली. डबे दोन, आमच्या विक्रमचा आणि सूनबाई निशाचा. कणीक भिजवून झाकली, तेवढ्यात हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"जळजळतंय जरा. पित्त हाय."

मी म्हटलं, "काल नको नको म्हणताना भजी कुणी खाल्ली?"

"तूच वाढली," म्हणाले.

मी ओवा आणि जिरं तव्यावर भाजलं, पेलाभर पाण्यात उकळलं, चिमूटभर काळं मीठ घातलं आणि गाळून दिलं. ते बाहेरच्या खोलीत गॅलरीच्या दाराशी खुर्चीत बसून घोट घोट प्यायले. मी पंखा लावून दिला. ढेकर आला. "आता बरंय," म्हणाले. तेव्हा सात वाजत आले होते. सात चाळीसला विक्रम गेला, आठला निशा गेली. मग मी फोन घेऊन पाच मिनिटं बसले आणि गटावर ओव्याच्या पाण्याची कृती लिहिली. शेवटी लिहिलं, यांना लगेच आराम पडला. मग भांडी, केर. मशीन झालं तसे कपडे घेऊन गच्चीवर गेले. उन्हं चांगली होती. रिकामी बादली घेऊन खाली आले तेव्हा अकरा वाजले होते. त्यांची मान एका बाजूला गेली होती. पेपर मांडीवर तसाच होता.

आज चहा करताना हे सगळं क्रमाने आठवत होते, मध्येच गॅसवाल्याने बेल वाजवली. राहिलेलं इथे लिहून पुरं केलं.

ही डायरी गाळ्यावरून आली. हे मार्केट यार्डात गुळाच्या आडतीवर चौतीस वर्षं दिवाणजी होते. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून दोनदा जायचे. शेठ दरवर्षी डायरी द्यायचे आणि हे ती मला आणून द्यायचे. या वर्षी टपालाने आली. पाकिटावर त्यांचंच नाव आहे.

९ जानेवारी, गुरुवार

गटावर अजून सांगितलेलं नाही. हे जाऊन आज बावन्न दिवस झाले.

आमचा गट पुस्तकं वाचणाऱ्यांचा आहे. त्रेचाळीस माणसं, गावोगावची. मी सातवीपर्यंत शिकले, तीसुद्धा वारजे खेडं होतं तेव्हाच्या शाळेत. पुढचं सगळं वाचनालयाच्या पुस्तकांवर. अडलेला शब्द वहीत लिहायचा आणि पुढे दोन-तीन पुस्तकांत तो पुन्हा भेटला की आपोआप कळायचा. चार वर्षांपूर्वी पुस्तकांच्या प्रदर्शनात तेजस्विनी भेटली. हिंजवडीला कंपनीत आहे, विक्रमपेक्षाही लहान. तिनेच मला गटात घेतलं. पहिले सहा महिने मी एक अक्षर लिहिलं नाही. नंतर यांनी एका पुस्तकाबद्दल काहीतरी म्हटलेलं मी गटावर टाकलं, आणि लोक खूप हसले. तेव्हापासून "काका काय म्हणाले?" हे सुरू झालं. यांचं बोलणं मी थोडं शुद्ध करून लिहायची. "हाय"चं "आहे" करायची. ते म्हणायचे, "माझ्या तोंडात बामण बसवलास की गं."

पुस्तकांचं बोलणं दुपारपर्यंत संपतं. मग घरचं निघतं. कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाला पुण्यात परीक्षेसाठी दोन दिवस खोली हवी, कुणाला लिंक दाबून फसवलं म्हणून बाकीच्यांनी सावध राहा. कोण कुणाला कधी भेटलेलं नाही, पण खोली मिळते. नागपूरच्या एकीची पिशवी गाडीत राहिली होती, ती दुसऱ्या दिवशी मनमाडच्या एकाने उतरवून घेतली.

गट श्रीनिवास म्हणून आहेत ते चालवतात. छापखान्यात मुद्रितं तपासायचे, पेठेत राहतात. त्यांनी नियम करून वर चिकटवून ठेवलेत. त्यातला तिसरा असा: "ज्याच्या घरची बातमी त्यानेच सांगावी. दुसऱ्याची बातमी, सुखाची असो वा दुःखाची, कोणीही इथे आणू नये. शुभेच्छा व श्रद्धांजली फक्त पहिल्या दोघांनी लिहावी. बाकीच्यांनी मनातल्या मनात." एकीच्या मुलीचं लग्न मोडलं, ते तिच्याआधी दुसरीनेच जाहीर केलं होतं. तेव्हापासून हा नियम आहे आणि सगळे पाळतात.

तेराव्यानंतर मी लिहायला बसले होते. "माझे यजमान" एवढं लिहून झालं आणि तेवढ्यात कुणाला तरी नातू झाला. पेढ्यांचा फोटो आला. म्हटलं आज नको. दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या रंगनाथ सरांनी विचारलं, मच्छिंद्ररावांना (ते यांना नावाने म्हणतात) विचारा, चिंच आत्ता भरावी की थांबावं. मला उत्तर माहीत होतं. मी लिहिलं, हे म्हणतात थांबा.

त्यात खोटं काही नव्हतं. ते दरवर्षी तसंच म्हणायचे.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांत झाली. यंदा मला कुठे जायचं नव्हतं. निशा ऑफिसातून आली आणि माझ्या हातावर तिळगूळ ठेवून पटकन आत गेली. तिला वाटतं मला वाईट वाटेल. मला काही वाटलं नाही. वड्या जरा कडक झाल्या होत्या.

गटावर तेजस्विनीने विचारलं होतं, "काकू, काकांना एक विचाराल का प्लीज? आई गुळाच्या पोळ्या करतीये आणि तिच्या सगळ्या फुटतायत. मागच्या वर्षी काकांनी सांगितलेला गूळ कुठला होता?"

मी लिहिलं, हे म्हणतात चिक्कीचा गूळ आणला असणार. साधा, किसता येईल असा आणायचा, आणि पिवळाधमक बघून भुलायचं नाही. ती लगेच म्हणाली, काका इज द बेस्ट.

त्यावर श्रीनिवासांनी लिहिलं, "हा गट वाचकांचा आहे, भुसार मालाचा नाही. बाजाराचे प्रश्न यापुढे इथे विचारू नयेत. इंदुताईंना दुसरी कामं असतात."

मला ते लागलं. चार वर्षं कोणी काही बोललं नाही, आणि आता यांचं नाव आलं की श्रीनिवासांना नको होतं. पूर्वी तेही शेवटी "काकांस नमस्कार" लिहायचे. डिसेंबरपासून लिहीत नाहीत. माझं काही चुकलं असेल तर सांगावं. पुणेरी माणूस, सांगायला कचरत नाही एरवी.

दुपारी दोन पानं वाचली. कुणी काय केलं ते लक्षात राहिलं नाही, म्हणून पुन्हा तीच वाचली.

२६ जानेवारी, रविवार

रावसाहेब आला होता, माझा धाकटा भाऊ. दिवसकार्यानंतर पहिल्यांदाच. विक्रम घरी होता. निशाला भजी करायची होती. तिने आतून विचारलं, "आई, ओवा संपलाय का? डबाच दिसत नाही. आणू का खालून?"

मी म्हटलं, "नको. भजीला ओवा लागतोच असं नाही."

रावसाहेब नेहमीचंच बोलला. "दाजींनी काही भोगलं नाही बघ. पेपर वाचता वाचता गेले. असं मरण मागून मिळत नाही."

विक्रम म्हणाला, "मामा, मला तेच कळत नाही. काहीच कसं झालं नसेल? आप्पा बोलले असते ना. गाडी खाली होती. मी त्या दिवशी पावणेआठपर्यंत घरातच होतो. वारज्यातून मोठ्या दवाखान्यात जायला मला किती लागतात, पंधरा मिनिटं."

"आता त्याचा काय उपयोग," रावसाहेब म्हणाला.

"उपयोग नाही. वेळच मिळाला नाही आपल्याला."

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हो ना आई?"

मी हो म्हटलं आणि दूध बघायला आत गेले. दूध उतू जाणार नव्हतं, सकाळीच तापवलेलं होतं.

त्या दिवशी डॉक्टर घरी आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, आधी काही त्रास? मी म्हटलं, नाही, पेपर वाचत बसले होते. विक्रम तेवढ्यात पोचला होता, मागे उभा होता. पेपर वाचत बसले होते हे खरंच आहे. एकदा सांगितलं आणि मग येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत गेले. तेरा दिवसांत किती माणसं आली असतील. आता ते पाठ झालंय.

निशाची आई म्हणते, मी रडायला पाहिजे, आत साचून राहिलंय. असेल. मी प्रयत्न करून बघितला होता.

१ फेब्रुवारी, शनिवार

दर महिन्याच्या एक तारखेला श्रीनिवास गटावर एक यादी टाकतात. "उपयोगी पडलेलं" असं तिचं नाव. वर्षभरात कुणी कुणाला काही चांगलं सांगितलं असेल तर ते नीट शुद्ध करून, क्रमांक घालून त्यात लिहितात. कुलूप अडकलं तर काय करावं, पुस्तकाला वाळवी लागली तर काय करावं. डिसेंबर-जानेवारीच्या याद्या मी उघडल्याच नव्हत्या. आजची उघडली.

अकरावी नोंद माझी आहे.

"११. छातीत व पोटात जळजळ. ओवा व जिरे समप्रमाणात भाजून, पेलाभर पाण्यात उकळून, किंचित काळे मीठ घालून, गाळून गरम प्यावे. (इंदुताई, वारजे. 'यांना लगेच आराम पडला.')"

मी माझा नोव्हेंबरातला मूळ संदेश शोधून काढला. त्यावर बोट दाबून धरलं. आता फक्त माझ्या फोनवरून पुसतो म्हणतो, सगळ्यांच्या फोनवरून पुसायची मुदत गेली. माझ्यापुरता पुसून काय करायचं. तसाच ठेवला. त्याच्याखाली तेव्हा आलेली उत्तरं होती. "काकांना काळजी घ्यायला सांगा." "करून बघते." "वा, ताई." पहिलं उत्तर सकाळी साडेआठचं होतं, शेवटचं अकरा वाजून चारचं.

श्रीनिवासांना वेगळं लिहिलं, अकरावी नोंद काढता येईल का. त्यांनी विचारलं, "का? चूक आहे काही?"

 मी लिहिलं, नाही, चूक नाही. असू दे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

नणंदेने सासवडहून मला एक संदेश पुढे पाठवला. तिच्या भजनी मंडळाच्या गटावर आला होता. अकरावी नोंद, जशीच्या तशी, फक्त माझं नाव आणि वारजे गळलेलं. यांना लगेच आराम पडला, हे होतं. तिने खाली लिहिलंय, "वहिनी, हे चांगलं आहे, करून ठेवत जा."

तिच्या सख्ख्या भावाबद्दल आहे हे तिला कसं कळणार.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज सकाळचं लिहिते. आता दुपारचे तीन वाजलेत, अजून कुठून काही कळलेलं नाही.

डबे भरत होते. सात वाजून दहा मिनिटांनी फोन बघितला. रंगनाथ सरांनी लिहिलं होतं, "पहाटे पाचपासून छातीत जळजळ. घामही बराच आला. रात्रीच्या वांग्याच्या भरताचा प्रताप. इंदुताईंची अकरावी नोंद सत्यशीलेकडून अमलात आणविली. बराच आराम आहे. मच्छिंद्ररावांना आमचे धन्यवाद पोचवावेत." रंगनाथ सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, सत्यशीला त्यांची बायको. दोघंच असतात अकोल्याला, मुलगी परदेशी.

खाली लगेच दोघातिघांचं आलं, काळजी घ्या, ताक घ्या. एकाने लिहिलं, भरताला शिक्षा करा.

यांनाही घाम आला होता. नोव्हेंबरात सकाळी सात वाजता कुणाला घाम येतो? मी पंखा लावला होता.

मी लिहिलं, सर, डॉक्टरांना दाखवून या.

त्यांचं उत्तर आलं, "मच्छिंद्रराव गेले होते का? ते गेले असतील तर आम्हीही जाऊ."

मी त्यांचा नंबर लावला. चार वर्षांत आम्ही फोनवर कधी बोललो नव्हतो. सत्यशीलाबाईंनी उचलला.

"कोण जी?"

"पुण्याहून इंदुबाई. गटावरची."

"अगंबाई. तुमचंच पाणी दिलं ना त्यांना. आता पडलेत जरा."

"बाई, त्यांना आत्ता दवाखान्यात न्या."

"बरं वाटतंय म्हणतात ना पण."

"बरं वाटत असलं तरी न्या."

 त्या आवाज खाली करून म्हणाल्या, "मी पहाटेपासून तेच म्हणतेय. माझं कुठे ऐकतात? म्हणतात, तुला काय कळतं, बारा लोकांनी घेतलंय ते पाणी. त्या गटाचं तेवढं ऐकतात ते. तुम्ही तिथेच लिहा ना, का जायचं ते. फोन त्यांच्या हातातच देते."

म्हणजे तिथेच लिहायला लागणार होतं.

विक्रम बाहेर बूट घालत होता. "आई, डबा," म्हणाला. मी डबा नेऊन दिला. तो गेला. परत येऊन ओट्यापाशी उभी राहिले आणि उभ्यानेच लिहिलं. काय लिहिलं ते इथे उतरवून ठेवते:

"रंगनाथ सर, माझे यजमान गेल्या वर्षी १८ नोव्हेंबरला गेले. त्या दिवशी सकाळी त्यांना असंच जळजळत होतं आणि घाम आला होता. मी ओव्याचं पाणी दिलं. आराम पडला म्हणून मी इथे लिहिलं, ते खरं होतं. त्यानंतर चार तासांत ते गेले. हृदयविकाराचा झटका. मी तुम्हा सगळ्यांना हे सांगितलं नाही. पाण्याने आराम पडतो, पण त्याने दुखणं जात नाही. आत्ता उठा आणि जा."

पाठवलं. सात वाजून एकोणपन्नास मिनिटं.   मग श्रीनिवासांचं आलं, "रंगनाथराव, उठा. गाडी बोलवा. बाकी कुणीही आत्ता काहीही लिहू नये, त्यांचा फोन रिकामा राहू द्या."

आठ वाजून दोन मिनिटांनी सरांचा एकच शब्द आला. "निघतो."

त्यानंतर मी भांडी घासली. केर काढला. कपडे गॅलरीतच वाळत घातले, हल्ली गच्चीवर जात नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल संध्याकाळी कळलं. सरांच्या दोन रक्तवाहिन्या बंद झाल्या होत्या, एक तर पूर्ण. तिथल्या दवाखान्यात लगेच आत घेतलं आणि स्प्रिंग घातली. शुद्धीत आहेत, चिडचिडही करतात म्हणे. सत्यशीलाबाईंनी गटावर लिहिलं, हे त्यांचं गटावरचं पहिलंच:

"डॉक्टर म्हणाले, दुखायला लागल्यापासून चार तासांच्या आत आणलं म्हणून वाचले. आणखी उशीर केला असता तर हातात काही राहिलं नसतं. इंदुताई, माझं कुंकू तुमच्यामुळे राहिलं."

त्याखाली सगळ्यांनी लिहिलं. नियम कुणी पाळला नाही. तेजस्विनीने लिहिलं, "काकू, तुम्ही एक जीव वाचवलात. यू आर अ हिरो." मग वेगळं मला एकटीला लिहिलं, "सॉरी काकू, मी सारखं काका काका करत होते. सॉरी."

यांना पावणेसात-सातला सुरू झालं. अकराला मी खाली आले. त्यात पंधरा मिनिटं दवाखान्यापर्यंतची. मी नुसतं लिहून ठेवतेय.

सगळे म्हणतात, देव तुमचं भलं करो. मी सगळ्यांना नमस्काराचं चित्र पाठवलं.

रात्री भात खाली लागला.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी श्रीनिवासांचा फोन आला. त्यांचा आवाज मला म्हाताऱ्या माणसाचा वाटत होता, तसा नाही. बारीक आहे.

"इंदुताई, मला माहीत होतं," म्हणाले.

"काय?"

"मच्छिंद्रराव गेल्याचं. डिसेंबरात चिंचेसाठी तुमच्या गाळ्यावर फोन केला होता. तिथे सांगितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"नियम माझाच. ज्याच्या घरची बातमी त्याने सांगावी. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होतो. दुसरं काही सुचलं नाही, म्हणून पोरीला बाजाराचं विचारू नको म्हणून दटावलं."

म्हणजे ते तेवढ्यासाठी होतं. 

"पण त्या दिवशी सकाळचं माहीत नव्हतं मला," ते म्हणाले. "तीन महिने मी ती नोंद छापतोय. तुम्ही काढा म्हणालात, तर मी चूक दाखवा म्हणालो. आयुष्यभर तेच केलं ना." मग म्हणाले, "आजच काढतो."

"काढू नका," मी म्हटलं. "ती बाहेर गेलीय. सासवडच्या भजनी मंडळात पण पोचलीय. काढली तर तिथली तशीच राहील. तिच्या खाली आणखी लिहा आणि तेही पुढे पाठवा म्हणावं."

"सांगा. लिहून घेतो."

"लिहा. जळजळीबरोबर घाम असेल, किंवा घरातल्या बाईला नुसतं वाटत असेल की काहीतरी वेगळं आहे, तर हे पाणी करत बसू नये. घरात जो कोणी असेल त्याला हाक मारावी."

ते लिहून घेत होते. "हाक मारावी," त्यांनी पुन्हा म्हटलं. मग विचारलं, "तुमच्याकडे होतं कुणी त्या वेळी?"

मी म्हटलं, पोळी करपतेय, ठेवते.

तव्यावर खरंच पोळी होती. विक्रम टेबलाशी बसला होता. आज सुट्टी, निशा माहेरी गेलेली.

"कुणाचा फोन गं?"

"गटावरचा. अकोल्याच्या एका सरांना झटका आला होता. वाचले."

"कसे?"

"त्रास सुरू झाल्यावर लगेच नेलं."

"नशीबवान," तो म्हणाला. पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच धरून बसला. "त्यांना कळलं तरी. आप्पांनी आपल्याला एवढासुद्धा वेळ दिला नाही." मग म्हणाला, "मी रोज सकाळी खाली गाडी काढताना वर गॅलरीकडे बघतो आई. त्या दिवशी ते खुर्चीत बसले होते, मी हात केला, त्यांनी पण केला. काहीतरी दिसायला हवं होतं ना मला? मी नीट बघितलंच नाही."

"तुझा काही दोष नाही," मी म्हटलं.

"सगळे असंच म्हणतात."

तो जेवला नाही नीट. अर्धी पोळी पानात टाकून उठला. किती दिवस तो असा उठतोय ते मी आठवून बघितलं. बहुतेक नोव्हेंबरपासूनच. मला वाटलं होतं कामाचा ताण असेल.

दुपारी पुस्तक घेतलं नाही. बसून राहिले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी विक्रम डबा घ्यायला आला तेव्हा मी गॅस बंद केला आणि त्याला बसायला सांगितलं. आप्पांना त्या दिवशी सातच्या आधीपासून त्रास होत होता, त्यांनी मला सांगितलं होतं, तू तेव्हा आतल्या खोलीत कपडे करत होतास आणि मी तुला हाक मारली नाही, हे त्याला सांगितलं.